डागी आंबा

मे महिन्यात माझा फोन आंब्यांच्या फोटोंनी भरून जातो. फोटो नेहमी एकाच थाटाचा. तळहातावर आंबा, मागे ओटा, आंब्यावर काळा ठिपका आणि तो नीट दिसावा म्हणून मारलेला फ्लॅश. खाली मजकूर. "काकू, पेटीतले चार असे निघाले." "ताई, हे केमिकलनं झालंय का?" आमच्या मागच्या गल्लीतले एक आजोबा नुसते फोटो पाठवतात, मजकूर नाही. त्यांचा राग किती आहे ते मी फोटोंच्या संख्येवरून ओळखते.

आमच्याकडे आंबे येतात ते सासरच्या बागेतून. रत्नागिरीजवळ पावसच्या अलीकडे कलमं आहेत, माझे धाकटे दीर बघतात. पूर्वी सगळा माल वाशीला जायचा. २०२० साली लॉकडाऊनमध्ये बाजाराची घडी विस्कटली तेव्हा भावजींनी टेम्पो थेट पुण्यात, सहकारनगरात आमच्या पार्किंगमध्ये आणून उभा केला, आणि तेव्हापासून सीझनला आमचं पार्किंग म्हणजे मार्केट यार्डाची धाकटी शाखा असते. मी ज्युनियर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, एम.एस्सी.ला वनस्पती रोगशास्त्र घेतलं होतं. त्यामुळे डागांची तक्रार आली की टेम्पोवाला, भावजी आणि नवरा, तिघंही माझ्याकडे बोट दाखवून मोकळे होतात. दरवर्षी तेच तेच टाईप करण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते. पुढच्या फोटोला उत्तर म्हणून ही लिंक येईल, राग मानू नये.

पहिली गोष्ट, सगळे काळे डाग एका जातीचे नसतात.

सालीवर देठापासून खाली ओघळलेला, गुळगुळीत, चकचकीत काळपट पट्टा असेल तर तो चिकाचा. आंबा काढताना देठ मुळातून मोडला की चीक पिचकारीसारखा उडतो आणि साल भाजते. हा डाग वाढत नाही, आत उतरत नाही. साल काढून टाका आणि खा. बारीक छिद्र, त्यातून पाझरलेला रस आणि कापल्यावर आत वळवळ, ही फळमाशी. त्यावर चर्चा नको, कचऱ्याची बादली. आणि बाहेरून आंबा अगदी लोभस, पण कापल्यावर गर मधेच पांढरट, चरचरीत, आंबट, तर तो साका. साका हा रोगच नव्हे. बुरशी नाही, कीड नाही, हापूसच्या अंगातला दोष आहे. तापलेल्या जमिनीची धग, झाडावर जास्त पिकू देणं, आत कोय रुजायच्या तयारीला लागणं, अशी कारणं त्यामागे सांगतात. बाहेरून ओळखता येत नाही, त्यामुळे साक्याचा फोटो आला तर मी निमूटपणे आंबा बदलून देते.

उरले दोन. ते मात्र बुरशीचे.

एक करपा. कोलेटोट्रायकम नावाची बुरशी. माझ्याकडे कॉलेजच्या काळातलं एक जुनं भिंग आहे, दहापट मोठं दाखवणारं. ते घेऊन मी डागी आंबा खिडकीत धरून बसते तेव्हा नवरा म्हणतो, "सोनाराकडे बसल्यासारखी बसू नकोस, गिऱ्हाईक बघतंय." पण बघण्यासारखं असतं ते. सुरुवातीला टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका, त्याची कड अजून धूसर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळा होतो आणि मधोमध किंचित खाली बसतो. शेजारपाजारचे ठिपके पसरत पसरत एकमेकांत मिसळतात. कधी कधी देठाच्या बाजूनं खाली ठिपक्यांची रांगच उतरलेली दिसते, गालावरून पाणी ओघळावं तशी. ती खरोखरच पाण्याची वाट असते. झाडावर असताना पावसाचं किंवा दवाचं पाणी ज्या मार्गानं फळावरून उतरलं, त्याच मार्गानं बुरशीचे बीजाणू उतरलेले असतात. असा आंबा एखाद्या झाकणाच्या डब्यात दोन दिवस विसरून राहिला तर खोलगट भागात फिकट गुलाबी-केशरी रंगाचे ओलसर दाणे उठतात. साध्या डोळ्यांना ते धुळीसारखे वाटतात. भिंगाखाली चिकट थेंब दिसतात, आणि एकेका थेंबात बीजाणूंची अख्खी जत्रा असते.

दुसरी देठकुज. ही देठाभोवती तपकिरी कड्यानं सुरू होते आणि हिला करप्यासारखा संयम नाही. संध्याकाळी रुपयाएवढं कडं, सकाळी आंब्याचे खांदे गेलेले. बोट लावलं की साल आत जाते, गर पाणचट होतो, आंबूस वास येतो. हिच्यामागे एकच बुरशी नसते, पण मुख्य म्हणून जी नाव घेतात ती लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी. ती आंब्याच्या फांदीत, देठात गपचूप राहते. झाड बघून काही कळत नाही. फळ पिकायला लागलं की देठातून खाली उतरते.

आता जी गोष्ट लोकांना पटत नाही ती. मे महिन्यात तुमच्या ओट्यावर उमटलेला करप्याचा डाग सहसा मे महिन्यातला नसतो. पेटीत नाही, टेम्पोत नाही, आमच्या पार्किंगमध्येही नाही. तो बहुतेक वेळा मोहोरापासून ते फळ सुपारीएवढं, अंड्याएवढं असेपर्यंतच्या काळात कधीतरी पडलेला असतो. बीजाणू फळावर बसतो. फळ बराच वेळ ओलं राहिलं की रुजतो, एक बारीक गडद रंगाचं चिकट बूड तयार करून सालीला घट्ट धरतो, त्यातून सुईसारखं टोक काढून सालीवरच्या मेणाच्या थरात घुसवतो. आणि थांबतो. दोन-दोन, तीन-तीन महिने थांबतो. तोवर आंबा हिरवागार, निर्मळ. काढताना निर्मळ, भरताना निर्मळ. भावजी एकेक फळ हातात घेऊन, फिरवून मगच पेटीत ठेवतात, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. त्यांना जे दिसत नाही ते मलाही भिंगातून दिसत नाही. तुमच्याकडे अढीत आंबा पिवळा होऊ लागला की बुरशी जागी होते.

म्हणून आमच्याकडे सीझनची खरी बातमी एप्रिलमध्ये कळत नाही, जानेवारी-फेब्रुवारीतच कळते. पहाटे भावजींचा फोन येतो. "वहिनी, पाऊस शिंतडून गेला." एवढंच. पुढचं मला कळतं. मोहोर ओला झालाय, दिवसभर मळभ राहिलं तर करपा आणि थंडी-दमट जोडीला आली तर भुरी. भुरी ही तिसरीच बुरशी, मोहोरावर पिठी पसरल्यासारखी दिसते. ती फळाला डाग पाडण्याइतपत वाटच बघत नाही, मोहोरच गाळून टाकते. शिवाय तुडतुडे. ते मोहोरातला रस पितात, गोडसर चिकट द्राव टाकतात, त्यावर काजळी चढते. या सगळ्यांसाठी पालवीपासून फळधारणेपर्यंत वेळापत्रक लावून फवारण्या होतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं त्याचा तक्ताच दिला आहे. त्यातली एखादी फवारणी पावसानं धुऊन नेली की पुन्हा मारायची. मजुरी पुन्हा, औषध पुन्हा, पाणी डोंगरावर पुन्हा.

इथे मला पुणेकर गिऱ्हाइकाशी थोडं भांडायचं आहे. एकच माणूस मला एकाच फोनवर दोन गोष्टी मागतो. "काकू, औषधं मारलेला नको हां, नॅचरल पाहिजे," आणि "डाग एकही नको." कोकणातल्या दमट हवेत, समुद्राकाठी, हापूसच्या झाडावर या दोन्ही गोष्टी एका वेळी क्वचित जमतात. ज्या वर्षी हवा कोरडी राहिली त्या वर्षी जमतात. एरवी एक निवडा. मी स्वतः डाग निवडते.

२०२५ चा मे आठवत असेल. मान्सून २५ मेच्या सुमारास कोकणात उतरला होता, आणि त्याच्याही आधीपासून वळवाची झोड उठली होती. शेवटचा माल भर पावसात काढावा लागला. त्या खेपेचे आंबे माझ्याकडे आले तेव्हा कोरे दिसत होते आणि आठवड्यात असे काही रंगले की मी फोन बंदच करून ठेवला. भावजी म्हणाले, "त्या पेट्या परत पाठवा." कुठे परत पाठवणार? आमच्या इमारतीत आठवडाभर सगळ्यांकडे आमरस होता, आणि खालच्या वॉचमनकडेही.

मध्यंतरी वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी वहिनींनी एक फार चांगला प्रश्न विचारला. लोणच्याच्या कैऱ्या निवडत होत्या. म्हणाल्या, "बुरशी जर आधीच आत बसलेली असते, तर कैरीला का डाग पडत नाही?" कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं पण हा प्रश्न कुणी विद्यार्थ्यानं विचारल्याचं आठवत नाही.

उत्तर असं आहे की कच्चा आंबा निःशस्त्र नसतो. त्याच्या सालीत रिसॉर्सिनॉल जातीची द्रव्यं असतात, बुरशीला मारक. गॅलोटॅनिन असतात, ज्यांनी कैरी तुरट लागते. आणि सालीखालच्या बारीक नळ्यांतून दाबाखाली चीक भरलेला असतो. त्या चिकात नुसती आग नसते, कायटिनेज नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात. बुरशीच्या पेशीची भिंत कायटिन नावाच्या चिवट द्रव्याची, आणि हे विकर कायटिनच फोडतं. श्रीलंकेत पेराडेनिया विद्यापीठातल्या लोकांनी यावर बरीच वर्षं काम केलं आहे. त्यांनी आंब्याच्या तिथल्या जाती शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, आणि ज्या जातींत ही द्रव्यं जास्त, चीक जास्त, त्या करप्याला आणि देठकुजीला जास्त वेळ दाद देत नाहीत असं त्यांना दिसलं. इस्रायल आणि ऑस्ट्रेलियातही सालीतल्या रिसॉर्सिनॉलवर काम झालं आहे. फळ पिकू लागलं की ही द्रव्यं उतरतात, आणि बुरशीला वाट मोकळी होते.

म्हणजे तुरटपणा, चीक, जाड साल, आंबटपणा. आपण आंब्यातून जे जे नको म्हणतो ते ते आंब्याचं चिलखत आहे. ज्या क्षणी आंबा आपल्याला खाण्याजोगा होतो त्याच क्षणी तो बुरशीलाही खाण्याजोगा होतो. आपण आणि कोलेटोट्रायकम एकाच पंगतीला बसतो.

चिकाचं महत्त्व कळल्यावर कोकणातल्या झेल्याकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले. दापोली विद्यापीठाचा नूतन झेला अनेकांनी बघितला असेल. लांब काठी, टोकाला जाळी आणि पातं, आंबा थोड्या देठासकट कापला जातो आणि अलगद जाळीत पडतो. देठ राहिला की चीक आतच राहतो. साल भाजत नाही हा एक फायदा झाला. दुसरा, फळाची स्वतःची शस्त्रं फळातच राहतात. आणि देठ मुळातून तोडल्यावर जी ताजी जखम उघडी पडते, तीही टळते. म्हणून पेटीतल्या आंब्यांना बोटाच्या पेराएवढा देठ दिसला तर तो मोडू नका. तो कचरा नाही. एक बाई दरवर्षी सगळे देठ खुडून, आंबे धुऊन, पुसून, मगच अढीत घालतात आणि मग देठाकडून कुजले म्हणून फोन करतात. बाई स्वभावानं फार चांगल्या आहेत.

तर मग न डागणारी जात का लावत नाही, हा पुढचा प्रश्न. आहे का अशी जात?

करप्याला अजिबात बळी पडत नाही अशी बाजारातली एकही जात नाही. कमी-जास्त आहे. त्यातही फसगत होते. गीरचा किंवा मराठवाड्यातला केशर स्वच्छ दिसतो, तेव्हा लोक म्हणतात केशर टणक. टणक जात वेगळी आणि कोरडा मुलूख वेगळा. मोहोरापासून काढणीपर्यंत पाऊस-दव लागलंच नाही तर कुठलाही आंबा साधू दिसतो. आपल्या जुन्नरच्या हापूसचंही तसंच. सह्याद्रीच्या अलीकडे, कोरड्या हवेत, थोडा उशिरा तयार होतो. वळीव चुकला तर साल काचेसारखी, आणि जूनच्या पावसात सापडला तर रत्नागिरीच्या वरताण डाग. जात तीच आहे ना. हापूसचं प्रत्येक कलम हे दुसऱ्या हापूसच्या काडीवरून आलेलं. अख्ख्या कोकणात एकाच झाडाचा विस्तार उभा आहे म्हटलं तरी फार चूक नाही, आणि एका झाडाला जे बाधतं ते सगळ्यांनाच बाधतं.

उलट रायवळ बघा. कोयीपासून आलेलं प्रत्येक झाड स्वतंत्र. आमच्या बागेच्या गडग्यालगत तीन-चार जुनी रायवळ झाडं आहेत. त्यातल्या एकाचा आंबा लहान, रेषाळ, चिकानं बोटं भाजतील असा, आणि त्याच्यावर मी करपा क्वचितच बघितला. त्याच्या शेजारचं झाड गोड, पातळ सालीचं, आणि काळंठिक्कर. याला पुरावा म्हणायचं नाही हे मला कळतं, पण पेराडेनियाचं वाचल्यापासून त्या चिकट झाडाबद्दल माझा आदर वाढलाय. भुरीच्या बाबतीत फरक जास्त स्पष्ट आहे. नीलम आणि तोतापुरीला ती कमी त्रास देते, हापूस तिच्यापुढे हात टेकतो. पायरीबद्दल काय बोलावं? पातळ साल, लवकर पिकणार, लवकर ढळणार. रसाला तिच्यासारखी नाही, पण पायरीची पेटी उघडी ठेवून लग्नाला गावी जाऊ नये.

आता थोडं विषयांतर, पण पुण्याचं आहे म्हणून. १८८९ साली अमेरिकेच्या कृषी खात्यानं आंब्याची काही कलमं भारतातून नेली, आणि ती नेली होती पुण्याहून. मुलगोबा नावाची जात. फ्लोरिडात लेक वर्थला एल्ब्रिज गेल नावाच्या गृहस्थांकडे ती लावली. १८९४-९५ च्या हिवाळ्यात तिथे कडाक्याचा हिमतडाखा बसला, आणि त्यातून एकच झाड वाचलं. १८९८ मध्ये त्याला फळ आलं. कॅप्टन जॉन हेडन नावाच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानं ती फळं विकत घेऊन १९०२ मध्ये कोकोनट ग्रोव्हला कोयी लावल्या. पुढच्या वर्षी तो वारला. झाडं त्याच्या बायकोनं, फ्लोरेन्सनं, सांभाळली. १९१० मध्ये त्यातल्या एका झाडाला लालबुंद, देखणं फळ धरलं, त्याचं नाव हेडन. देखणं होतं, पण करप्याला फार बळी पडायचं.

मग आला टॉमी अ‍ॅटकिन्स. हेही फ्लोरिडातलंच, १९२० च्या दशकातलं रोप. जनुकीय तपासणीतून ते हेडनचंच अपत्य असावं असं दिसतं, म्हणजे आजोळ पुण्याचं म्हणायला हरकत नाही. फळ मोठं, लाल, जाड सालीचं, करप्याला बऱ्यापैकी तोंड देणारं, बोटीतून पाठवलं तरी टिकणारं. तिथल्या आंबाप्रेमींच्या मंडळानं ते रेषाळ आणि चवीला सुमार म्हणून नाकारलं होतं. पण मालकानं चिकाटी सोडली नाही, आणि शेतकऱ्यांना, व्यापाऱ्यांना ते आवडलं. आज अमेरिका-युरोपच्या सुपरमार्केटात सर्वांत जास्त दिसणाऱ्या आंब्यांत त्याचा नंबर वरचा.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिनं मला या आंब्याचा फोटो पाठवला होता. एकही डाग नाही, चकाकतोय. खाली लिहिलं होतं, "मामी, दिसतो आंबा, लागतो भोपळा." डाग नसलेल्या आंब्याची हट्टाने मागणी करणाऱ्यांना मी तिचा नंबर देऊ का असं कधी कधी वाटतं.

आपल्याकडे संशोधन झालं नाही असं नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं नीलम आणि हापूसचा संकर करून १९८१ मध्ये रत्ना दिला. पुढे रत्ना आणि हापूसच्या संकरातून १९९२ मध्ये सिंधू आला, कोय अगदी चपटी, नावापुरती. दोन्हीत साका नाही. रेषा नाहीत, आणि रत्ना हापूससारखा वर्षाआड रुसत नाही. पण त्यांचं लक्ष्य होतं साका आणि नियमित फळ. करप्यापासून सुटका हे नव्हतं. रत्नालाही करपा येतो. त्यात कुणाचा कमीपणा नाही, आंब्याचा संकर हे काम करणाराच जाणे. मोहोराच्या एका तुऱ्यावर शेकडो-हजारो फुलं, त्यातली बरीच नर. हातानं परागीकरण केलेल्यांतली मूठभर फळं टिकतात. त्या कोया लावायच्या आणि फळ यायची वर्षानुवर्षं वाट बघायची. एवढं करून चव बिघडलेली निघाली की झाड तोडायचं. आणि पानावर करपा येत नाही म्हणून फळावर येणार नाही याचीही खात्री नसते, म्हणजे रोपवाटिकेत पानं बघून निवड करण्याची सोयही पूर्ण भरवशाची नाही.

मला सर्वांत कुतूहल वाटतं ते ऑस्ट्रेलियातल्या कामाचं. क्वीन्सलँडमध्ये त्यांनी आंब्याच्या जवळच्या नात्यातली रानटी प्रजाती घेतली, मँजिफेरा लॉरिना, इंडोनेशिया-मलेशियाकडची. तिच्या फळांवर मुद्दाम करप्याचे बीजाणू सोडले तरी ती फारशी डागली नाहीत. मग तिचा आपल्या खाण्याच्या आंब्याशी संकर. हा गुण चवीसकट आंब्यात उतरवायला किती पिढ्या जातील कोण जाणे. हापूसमध्ये उतरवायचा म्हटलं तर कोकणातला माणूस आधी विचारेल, वास तोच राहणार का? आणि तो प्रश्न बरोबरच आहे.

आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा मोठा संग्रह आहे, वाळवलेल्या नमुन्यांचा वेगळा आणि जिवंत संवर्धनांचा वेगळा. आम्हाला एम.एस्सी.ला असताना तिथे नेलं होतं. पाकिटात घडी घातलेली पानं, त्यांवर डाग, आणि डागाखाली पेननं लिहिलेलं नाव-गाव-तारीख. त्या वयात मला ते सगळं भलतंच कोरडं वाटलं होतं. कँटीनचा वडा मात्र चांगला होता.

आता घरी काय करायचं ते. पेटी आली की लगेच उघडा. आंबे एका थरात, देठ खाली करून, पेंढ्यावर किंवा नुसत्या वर्तमानपत्रावर पसरा, एकमेकांना टेकवू नका. प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवणं म्हणजे बुरशीला खोली भाड्यानं देणं. रोज एकदा हात फिरवा. ज्याच्या देठापाशी तपकिरी कडं दिसेल तो त्याच दिवशी कापा, उद्यावर टाकू नका. करप्याचे दोन-चार ठिपके आलेला आंबा फेकू नका. सुरुवातीला तो डाग सालीतच असतो, साल जरा जाड काढली की खालचा गर ठणठणीत असतो. मात्र गर मऊ पडून वास बदलला असेल तर मोह आवरा. पिकलेले आंबे सरळ फ्रिजमध्ये टाका. हिरवे टाकू नका, ते धड पिकणार नाहीत.

गरम पाण्याची युक्ती खरी आहे. ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात हिरवा आंबा पाच ते दहा मिनिटं बुडवला की सालीत दबा धरून बसलेली बुरशी बरीचशी मरते. पॅकहाऊसमध्ये करतात. पण ते काढणीनंतर लवकर करायला हवं, पिकायला लागल्यावर उपयोग नाही, आणि तापमान नेमकं हवं. कमी पडलं तर बुरशी शेकून निघते एवढंच, जास्त झालं तर साल भाजते. मी स्वयंपाकाच्या थर्मामीटरनं आमच्या घरच्या आंब्यांवर करते. गिऱ्हाइकांच्या आंब्यांवर करत नाही. तुम्हीही गिझरचं पाणी बादलीत घेऊन सुरू करू नका.

आणि हे केमिकलनं झालंय का, या प्रश्नाचं उत्तर एकदाच. कॅल्शियम कार्बाइडनं आंबा पिकवण्यावर बंदी आहे आणि आमचे आंबे पेंढ्यातच पिकतात. पण करप्याचा डाग कार्बाइडनं पडत नाही, बुरशीनं पडतो. डाग आहे म्हणजे औषध मारलं, हे तर्कशास्त्र नेमकं उलटं आहे.

यंदा दोन याद्या करते आहे. पहिली नेहमीची, हापूस, तयार फळ, निवडून. दुसरी डागी मालाची, अर्ध्या भावात, आमरस-आंबापोळीवाल्यांसाठी. या यादीत नाव घालायचं असेल तर पेटी उतरल्याच्या दिवशी घेऊन जावी लागेल, राखून ठेवणार नाही. भावजींनी खालच्या अंगाला रत्नाची काही कलमं लावलीत, ती आता बऱ्यापैकी धरतात, पण पुण्यात नाव सांगितलं की लोक "हापूस नाहीये का?" म्हणून नाक मुरडतात. ज्यांना साक्याचा वैताग आलाय त्यांनी एक डझन नेऊन बघा. डागांची हमी त्यातही नाही. पिशवी घरून आणा.